घरचं उत्पन्न, कामधंदा, शाळा आणि लेकरांची वाढ : खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून पालकसभांत, अंगणवाडीच्या ओट्यावर आणि फोनवर पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तर तो प्रश्नक्रमांक दिला आहे. योजनांच्या रकमा आणि उत्पन्नाच्या मर्यादा बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी चालू वर्षाची मर्यादा सेतू केंद्रात किंवा शाळेत विचारून घ्यावी.

१. घरात पैसा कमी असला तर पोराची बुद्धीही कमीच होते का?

नाही. गरिबाघरी जन्मलेलं बाळ कमी बुद्धी घेऊन येत नाही. गरिबी आड येते ती त्याच्या वाढीच्या. गर्भ राहिल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे साधारण १००० दिवस फार नाजूक असतात, कारण दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू आकारानं मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो. या काळात आईच्या पोटात पुरेसं गेलं नाही, बाळाला सारखे जुलाब झाले, त्याच्याशी बोलायला-खेळायला कुणी नसलं, तर उंची खुंटते आणि शिकणंही मागे पडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं ठेंगणी आढळली.

मागे पडलेलं भरून काढता येतं, याचा पुरावा जमैकात मिळाला. तिथे १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली १२९ ठेंगणी बाळं घेऊन एक अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या काही घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची आणि बाळाशी कसं खेळावं, कसं बोलावं हे आईला दाखवायची. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा ज्यांच्या घरी सेविका खेळ घेऊन गेली होती त्यांची कमाई, जिथे ती तसं करायला गेली नव्हती त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त भरली. खेळणी घरातल्याच टाकाऊ वस्तूंची होती. आपल्या अंगणवाडी सेविकेच्या गृहभेटीला आपण किती कमी मोल देतो, हे मला त्या आकड्यावरून फार जाणवतं.

२. मग पैशाचा परिणाम मुलावर नेमका कुठून होतो?

ताटातून होतो हे सगळ्यांना दिसतं. आईबापाच्या वेळेतून आणि त्यांच्या डोक्यावरच्या काळजीतूनही होतो, ते कमी दिसतं.

काळजीचं आधी सांगते. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर सेंथिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी तेच शेतकरी दोनदा तपासले : ऊस तुटण्याआधी, हातात दमडी नसताना, आणि उसाचे पैसे आल्यावर. विचारशक्तीच्या त्याच प्रकारच्या चाचण्यांत ते पैसे येण्याआधी कमी पडले आणि पैसे आल्यावर चांगले उतरले. माणूस तोच होता. पैशाच्या ओढाताणीनं त्याच्या डोक्यातली जागा व्यापली होती.

आता आपल्याकडचा जून आठवा. शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि त्याच पंधरवड्यात कपाशीचं बी, खत, पेरणीची मजुरी उभी राहते. वह्या, दप्तर, बुटांचे पैसे घरात सर्वांत जास्त तंगी असताना लागतात. मग श्रावण-भादव्यात फवारणी आणि निंदणी, आणि कापसाचा पहिला पैसा दसरा-दिवाळीच्या सुमाराला. बाप पोरावर खेकसतो, आई "उद्या बघू" म्हणते, गृहपाठाकडे कुणाचं लक्ष नसतं. ही आईबापाची बेपर्वाई नाही. शिक्षकांनी वर्गातलं एखादं पोर ऑगस्टमध्ये एकदम गप्प झालेलं पाहिलं तर आधी घरचा हंगाम विचारावा, एवढी विनंती.

३. वर्षाची कमाई आमची आणि शेजारच्या शिपायाची सारखीच. मग त्यांची पोरं पुढे का जातात?

मला आलेल्या प्रश्नांत हाच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन घरांची वर्षाची बेरीज सारखी असली तरी पैसा येण्याची चाल वेगळी असते. शिपायाला दर महिन्याला ठरलेली रक्कम मिळते, म्हणून त्याला जूनची फी आणि फेब्रुवारीतला परीक्षेचा खर्च आधीच दिसतो. रावेर-यावलच्या केळीवाल्याचा पैसा घड कापल्यावर एकरकमी येतो आणि मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली तर येतच नाही. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल अखाजी (अक्षय्य तृतीया) ते अखाजी. त्याची उचल आधीच खर्च झालेली असते आणि पुढचं वर्ष तो फेडीत काढतो. रोजंदारीवाल्याचा तर पावसाच्या दिवशी चूलच अडते.

अशा घरात मुलाची शाळा सुटण्याचं कारण बहुतेकदा एखादा वाईट महिना असतो. गरिबी वर्षभर असते, पण दप्तर बंद होतं ते त्या एका महिन्यात. म्हणून सल्ला साधा आहे. कापूस विकला त्या आठवड्यातच पुढच्या जूनचा शाळेचा खर्च वेगळा काढा : बचत गटात, पोस्टात, आईच्या खात्यावर, कुठेही, पण घरखर्चाच्या डब्यात नको. दोनशे-पाचशे जमले तरी चालतील. व्यापाऱ्याकडे किंवा मालकाकडे "जूनमध्ये घेईन" म्हणून ठेवलेले पैसे मात्र जूनमध्ये हाती लागतीलच असं नाही.

४. दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जातो. पोरं बरोबर न्यायची की आजीकडे ठेवायची?

नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि उचल त्या कोयत्यावर असते, म्हणून आईला मागे थांबता येत नाही. तळोदा, अक्कलकुवा, शहादा, साक्री, चाळीसगाव अशा कितीतरी भागांतून माणसं गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि उन्हाळ्यात परततात. शाळेचं अख्खं दुसरं सत्र त्यात जातं.

दोन वर्षांखालचं अंगावर पिणारं बाळ आईजवळच असावं. शाळेत जाणारं मूल शक्यतो गावी ठेवावं, पण आजी खरोखर सांभाळू शकत असेल तरच. आजीचीच भाकरी दुसऱ्याच्या हातची असेल तर मूल आजीला सांभाळत बसतं आणि शाळा कागदावर राहते. असं असेल तर दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापकांना भेटून हंगामी वसतिगृहाची मागणी करा. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांना गावीच राहून शिकता यावं म्हणून शाळा व्यवस्थापन समितीमार्फत ही सोय केली जाते, पण मागणारी मुलं आधी यादीत यावी लागतात. दिवाळी झाल्यावर मागितली तर उशीर होतो. सातपुड्यातल्या आदिवासी कुटुंबांसाठी आश्रमशाळा आहेत. त्यांचं काम नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावलच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांतून चालतं.

मूल बरोबर न्यावंच लागलं तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. मूल कितवीत आहे, त्याला काय येतं, याची नोंद त्यावर असते आणि ते दाखवून जिथे जाल तिथल्या शाळेत बसवता येतं. गुजरातेत भाषेची अडचण येते, हे खरं आहे. पाचवीपर्यंतचं मूल निदान तिथे बसेल, जेवेल, आकडे गिरवेल; फडावर पाचट गोळा करण्यापेक्षा ते केव्हाही बरं. सहा वर्षांखालच्या मुलांची नोंद तिथल्या अंगणवाडीत होऊ शकते. गरोदर बाईनं तर निघण्याआधी माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत टाकायचंच.

५. तोडीहून आल्यावर शाळा म्हणते, नाव कमी झालं, आता दाखला आणा.

शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलाला त्याच्या वयाप्रमाणे योग्य वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं, असं तो सांगतो. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नसला, एवढ्यावरून प्रवेश अडवता येत नाही. तोंडी नकार मिळाला तर लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच काम होतं. नाही झालं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

६. खाऊपिऊ घालतो तरी लेकराचं वजन वाढत नाही. कमाई तर आधीपेक्षा बरी आहे.

कमाई वाढली की पहिली वाढतात ती दहा रुपयांची पाकिटं. मजुरीवरून येताना आई थकलेली असते, मूल रडत असतं, दुकान वाटेत असतं. त्या माउलीला दोष द्यायची माझी इच्छा नाही. पण कुरकुरीत पाकिटानं पोट भरतं आणि भाकरीची भूक मरते. आपल्या कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतो, फुणके डाळीचेच. हे लहान मुलासाठी उत्तम खाणं आहे. लहान मुलाचं पोट वाटीएवढं, त्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. मोठ्यांच्या दोन जेवणांवर ते वाढत नाही.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर अंगणवाडीत पट्टीनं मोजून घ्या. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित आहे. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं आणि सांगितलं तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायचं. मजुरी बुडते म्हणून टाळू नका. ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर सेविकेच्या देखरेखीखाली आहार वाढवायचा.

आदिवासी क्षेत्रात, म्हणजे सातपुड्याच्या पट्ट्यात, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण, मुलांना अंडी किंवा केळी. ते जेवण तिथेच बसून खायचं असतं. घरी नेलं की आईच्या वाट्याला कमीच येतं.

७. सुट्टीत कापूस वेचायला पोरं नेली तर ती बालमजुरी होते का?

कुणाच्या वावरात आणि कधी, यावर आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोकादायक नसलेल्या घरच्या कामात घरच्यांना मदत केली तर चालते. घर म्हणजे आईबाप, भाऊबहीण आणि आईबापाचे भाऊबहीण. म्हणजे स्वतःच्या किंवा काकाच्या वावरात रविवारी दोन तास वेचणी, हे कायद्यात बसतं. दुसऱ्याच्या शेतात किलोवर वेचणी करणाऱ्या आईच्या ओटीत पोरानं वेचलेला कापूस टाकणं बसत नाही, कारण तिथे पोराच्या कष्टाची मजुरी होते. ठेवणाऱ्या मालकाला ६ महिने ते २ वर्षं कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

फवारणीचं मात्र घरच्या वावरातही नाही. फवारलेल्या कपाशीत लहान मुलाला त्या दिवशी पाठवूही नका.

८. धाकट्याला सांभाळायला थोरलीला घरी ठेवावं लागतं. दुसरं करायचं काय?

हा प्रश्न जवळजवळ नेहमी पोरीबद्दल येतो. "आंडोरले शाळामां धाडस, आंडेर घर राहस" (पोराला शाळेत धाडतो, पोरगी घरी राहते), असं एका आजीनं मला अगदी सहज सांगितलं होतं. वर्गातली गैरहजेरी काढून पाहा : वेचणीच्या दिवसांत चौथी ते सातवीच्या मुली गळतात. या कामाला कुणी मजुरी म्हणत नाही, म्हणून ते कुठल्याच यादीत येत नाही.

धाकटं तीन वर्षांचं झालं असेल तर अंगणवाडी हा पहिला उपाय. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हापासून सहा वर्षांखालचं मूल हीच तिची जबाबदारी आहे. अडचण वेळेची येते, कारण अंगणवाडी दुपारी सुटते आणि वेचणी संध्याकाळपर्यंत चालते. काही गावांत चार-पाच आया मिळून आळीपाळीनं एकीला घरी ठेवतात आणि तिची मजुरी बाकीच्या वाटून देतात. हिशेब चोख ठेवला तर हे टिकतं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही पाच किंवा जास्त लहान मुलं कामावर आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमून तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद होती. कामावर असाल तर पाळणाघराची मागणी ग्रामसभेत नोंदवा.

९. आईनं कामाला जावं की घरी राहावं? सासरचे म्हणतात लेकराचे हाल होतात.

पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध हवं, तेवढे दिवस आईला बाळापासून लांब ठेवणारं काम टाळता आलं तर टाळावं. त्यानंतर आईची कमाई घराला बळच देते, विशेषतः ती तिच्याच हाती राहिली तर. बाईच्या हातातला पैसा दूध, औषध, वही याकडे लवकर वळतो, हे बचत गट चालवणाऱ्या कुठल्याही ताईला विचारा. हाल होतात ते सांभाळणारं कुणी नसल्यानं. त्यासाठी प्रश्न ८ पाहा. आणि सांभाळणं हे एकट्या आईचं काम आहे, हे कुणी ठरवलं? संध्याकाळी बापानं अर्धा तास पोराशी गप्पा मारल्या तर त्याला काही खर्च येत नाही.

१०. सरकारी पैसे खात्यावर येतात. त्यानं मुलाचं काही भलं होतं का?

होतं, पण किती, याची उत्तरं जगात एकसारखी आलेली नाहीत. अमेरिकेत उत्तर कॅरोलायनातल्या चेरोकी आदिवासींच्या वस्तीत १९९६ नंतर कॅसिनोच्या (जुगारघराच्या) नफ्याचा वाटा जमातीतल्या प्रत्येकाला मिळू लागला. गरिबीतून वर आलेल्या घरांतल्या मुलांच्या वागणुकीच्या तक्रारी कमी झाल्या, आणि त्यामागे आईबापाचं वाढलेलं लक्ष होतं. उलट अमेरिकेतल्याच चार शहरांत १००० गरीब मातांच्या एका प्रयोगात काहींना महिन्याला ३३३ डॉलर, काहींना २० डॉलर दिले. मुलं चार वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांच्या भाषेत आणि समजेत ठळक फरक सापडला नाही. पैशाबरोबर आईबापाचा वेळही मोकळा झाला का, हे मला यात निर्णायक वाटतं.

आपल्याकडे पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेच्या घरात १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीसाठी लेक लाडकी योजना आहे : जन्मल्यावर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५,०००. शेवटच्या रकमेकडे बघून लग्नाचा विचार करू नका. तो पैसा तिच्या पुढच्या शिक्षणाचा आहे.

११. घरी अहिराणी बोलतो, म्हणून पोरगं शाळेत मागे पडतं का?

भाषेमुळे मूल मंद होत नाही. पहिलीत गप्प बसलेलं पावरी, भिलोरी किंवा अहिराणी बोलणारं मूल पुस्तकातल्या मराठीपुढे थबकलेलं असतं. घरच्या भाषेत विचारलं की "माले येस" म्हणत पुढे येतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवायला सांगतं. घरी अहिराणी सोडू नका. गोष्टी, ओव्या, कोडी त्याच भाषेत सांगा. शब्द जितके जास्त, तितकं वाचन सोपं.

१२. उत्पन्नाचा दाखला कशाकशाला लागतो? मर्यादा किती?

एकच मर्यादा सगळीकडे नसते, म्हणून गोंधळ होतो. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत राखलेल्या, २५ टक्के जागांसाठी दुर्बल घटकाला १ लाख रुपये. मागास प्रवर्गातल्या मुलांना मात्र त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला पुरतो. आठवीत देतात ती एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी असून तिथे मर्यादा ३.५ लाख, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. आपल्या खेड्यातली कितीतरी हुशार मुलं निव्वळ फॉर्म न भरल्यामुळे हे गमावतात. मुलींच्या व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांच्या शिक्षणशुल्काची पूर्ण माफी २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी कुटुंबांना आहे.

दाखला तहसीलचा असतो, अर्ज सेतूत होतो, चौकशी तलाठ्याकडे जाते. जूनमध्ये रांगा लागतात, एप्रिलमध्येच काढा.

१३. कापसाची पट्टी मोठी दिसते, मग नॉन-क्रीमिलेअर मिळणार नाही का?

नॉन-क्रीमिलेअर म्हणजे मागास प्रवर्गातलं घर सधन थरात मोडत नाही, याचा दाखला. शेतीचं उत्पन्न आणि पगार त्याच्या ८ लाखांच्या मर्यादेत मिळवत नाहीत. धंदा, भाडं, व्याज असं बाकीचं उत्पन्न मोजतात. मात्र आईबाप वरच्या वर्गाच्या सरकारी पदावर असतील किंवा बागायती जमीन कमाल धारणेच्या ८५ टक्के किंवा जास्त असेल तर वेगळे नियम लागतात.

ईडब्ल्यूएसचं बरोबर उलट. तिथे शेती, पगार, धंदा, सगळं धरतात, आणि केंद्राच्या दाखल्याला ५ एकर किंवा जास्त शेतजमीन असली तर उत्पन्न कमी असूनही दाखला मिळत नाही. कोरडवाहू पाच एकरवाल्यांवर हा अन्याय आहे असं मला वाटतं, पण नियम तसा आहे.

१४. दहावी झाला, म्हणतो सुरतला कामाला जातो. अडवावं का?

त्याचं म्हणणं ऐकून घ्या. घरात कर्ज असेल तर पोरगा स्वतःहून ओझं उचलतो आणि आईबापाला ते उशिरा कळतं. १४ ते १८ वयात धोकादायक कामं कायद्यानं बंद आहेत. सुरतेत आजच मिळणारी मजुरी आणि आयटीआयची दोन वर्षं यांत आजची मजुरी मोठीच दिसते. पाच वर्षांनी वायरमन किंवा फिटर झालेला आणि नुसता हेल्पर राहिलेला, दोघांना गावात शोधून त्याच्याशी बोलायला बसवा. आमच्या उपदेशापेक्षा त्यानं जास्त फरक पडलेला मी पाहिला आहे. मुलीनं शिकायचं थांबवलं तर मात्र थांबण्यामागे कामापेक्षा लग्नाची बोलणी असतात. १८ च्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे.

१५. उचल फिटली नाही म्हणून मुकादम म्हणतो, पुढच्या हंगामात थोरल्या पोरालाही पाठवा. काय करावं?

पाठवू नका. उचलीपोटी माणसाला, त्यातून मुलाला, कामाला बांधून ठेवणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे, आणि असं वेठीचं कर्ज फेडायची जबाबदारी तो कायदा संपवतो. कायद्याची अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. प्रांत किंवा तहसीलदारांकडे अर्ज दिला तरी चालतो. अर्जात उचल किती घेतली, कधी, कोणासमोर, किती कोयते, किती हंगाम झाले आणि पोराचं वय किती, हे लिहा. शाळेतून त्याच्या जन्मतारखेचा उतारा जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका. मुकादम रात्री-बेरात्री गाडी घेऊन दारात आला तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो. फोन शेजाऱ्यानं केला तरी चालतो.